केरबाची चार वर्षांची गाडी

एका जंगलात सगळ्या प्राण्यांचा वाढदिवस एकाच दिवशी येत असे. एक जूनला.

हत्तीचा एक जून. उंदराचा एक जून. वाघमहाराजांचाही एक जूनच. त्या दिवशी कोणी कोणाला शुभेच्छा देत नसे. देणार तरी किती जणांना?

हसू नका. कारण सांगतो. सरळ बसा आणि ऐका.

अठरा वर्षांपूर्वी त्या जंगलात मोठा वणवा लागला होता. तीन दिवस जंगल जळत होतं. झाडं गेली, घरटी गेली आणि जन्माच्या नोंदींचं जुनं रजिस्टरही गेलं. पुढे आठ वर्षं जंगलात कोणालाच वय नव्हतं. सगळे मजेत होते. मग सरकारने बगळे गुरुजींना नेमलं. गुरुजी एका पायावर उभे राहून नवं रजिस्टर लिहू लागले.

जन्मतारीख कोणालाच सांगता येईना.

"पावसाच्या आधी की नंतर?" गुरुजी विचारत.

"आधी, गुरुजी."

"मग एक जून."

"आमचा नंतरचा आहे, गुरुजी."

"असू दे. एक जूनच. पुढचा या."

तारखेचा प्रश्न असा मिटला. सालाचा त्याहून लवकर मिटला. जंगलात कायदा होता, की पंधरा वर्षं भरली की नोकरी संपली. म्हणून प्रत्येक आई गुरुजींच्या कानाशी लागे. "गुरुजी, थोडी कमीच लिहा. पोराचं कल्याण होईल." गुरुजींचीही एक अडचण होतीच. वणव्याआधीचा जन्म लिहायचा तर पुरावा हवा. पुरावा वणव्यात गेलेला. त्यांनी विचार केला आणि नियम करून टाकला. वणव्याआधी या जंगलात कोणी जन्मलंच नाही.

केरबा अस्वलाला त्याच्या आईने गुरुजींसमोर उभं केलं तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. गुरुजींना मान वर करून बघावं लागलं.

"किती लिहू?"

"दोन," आई म्हणाली.

"दोन? बाई, याला मिशा फुटल्यात."

"अंगाने दांडगा आहे. बापावर गेलाय."

गुरुजींनी दोन लिहिलं. केरबा आईचा हात धरून घरी आला.

याला दहा वर्षं झाली. आता केरबा खरा एकवीस वर्षांचा आणि कागदावर बाराचा. त्याला नोकरी होती मधराख्याची. महाराजांच्या मधाची चाळीस झाडं राखायची. झाडं सहा टेकड्यांवर पसरलेली. रोज सगळीकडे जाऊन यायचं आणि संध्याकाळी पिंपळाखाली येऊन हजेरी द्यायची. त्याचा डावा पाय वणव्यात भाजला होता. तो लंगडत चाले. चौथ्या टेकडीवर पाय ठणकू लागे आणि सहाव्या टेकडीवर त्याला आई आठवे.

पाय कशाने भाजला हे तो कोणाला सांगत नसे. कसं सांगणार? कागदाप्रमाणे वणव्याच्या वेळी तो जन्मलाच नव्हता.

एक दिवस बापूसाहेब कोल्हा त्याच्याकडे गाडी घेऊन आला. गाडी लाल होती. इतकी लाल, की लांबून पळस फुलल्यासारखी दिसे. चाकं नवी, सीटवर नवी खोळ, आत मोगऱ्याचा वास.

"केरबा, तुझ्या पायासाठी जीव तुटतो रे माझा," बापूसाहेब म्हणाला. "म्हणून आधी तुझ्याकडे आलो. हत्ती मागत होता, त्याला नाही म्हटलं."

"हत्ती यात बसेल?"

"बसणार नाही म्हणूनच नाही म्हटलं. चार वर्षांची गाडी आहे. अजून अकरा वर्षं तुला बघायला नको."

कारण पंधरा वर्षांचा कायदा गाडीलाही होता. पंधरा भरली की गाडी मोडीत.

बापूसाहेबाने कागद पुढे केला. केरबाला वाचता येत नसे. शाळेत तो एक दिवस गेला होता, तोही दुपारपर्यंत. पण एक गोष्ट मात्र त्याला वाचता येई. प्रत्येक सरकारी कागदावर त्याची स्वतःची जन्मतारीख असे, आणि ती बघून बघून त्याच्या डोळ्यांत बसली होती. त्याने गाडीचा कागद डोळ्यांजवळ धरला. जन्म : एक जून.

केरबाने गाडीच्या टपावर थाप मारली.

"अरे, माझ्याच दिवशी जन्मली ही!"

"मग मी काय म्हणतोय?" बापूसाहेब म्हणाला. "योग लागतो असा."

त्या जंगलात एक जून म्हणजे काय, हे केरबाइतकं कोणाला ठाऊक होतं? पण माणूस काय आणि अस्वल काय, स्वतःचं खोटं दुसऱ्याच्या कागदावर दिसलं की त्याला नातं वाटतं.

बापूसाहेबाला मोबदल्यात केरबाची गुहा हवी होती. त्याची पोरं मोठी झाली होती, बीळ पुरत नव्हतं. ती गुहा केरबा आणि त्याची बायको हौसा यांनी दोन हिवाळे नखांनी खणली होती. हौसाने ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो, गुहा दिल्यावर राहायचं कुठे?"

"उन्हाळा आहे. झाडाखाली राहू. मग दुसरी गुहा शोधू. गाडी आहे ना शोधायला!"

"गाडीने शोधायची गुहा गाडीसाठीच द्यायची. छान."

"तुला व्यवहार कळत नाही," केरबा म्हणाला.

सौदा झाला. बापूसाहेब पोराबाळांसह गुहेत शिरला. केरबा गाडीत बसला. पहिल्या टेकडीवर गाडी गुरगुरली. दुसऱ्या टेकडीवर खोकली. तिसऱ्या टेकडीवर तिने धूर सोडला आणि ती उलटी खाली येऊ लागली. केरबाने ब्रेक दाबला. ब्रेक जमिनीला टेकला, गाडी मात्र थांबली नाही. ती एका वारुळाला टेकून थांबली. वारुळातल्या नागाने बाहेर येऊन आईवरून शिवी दिली.

गाडी ढकलत केरबा शिदू माकडाकडे गेला. शिदू सरकारी मिस्त्री होता. जांभळीखाली त्याचं दुकान. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि शेपटीने डोकं खाजवलं. शेपूट अर्धीच होती. उरलेली अर्धी वणव्यात गेलेली.

"केरबादादा, घेण्याआधी आणली असती तर?"

"मीटर दाखवलं होतं बापूसाहेबाने. म्हणाला, फार चाललेली नाही."

"मीटर? मीटर उलटं फिरवायला मला एक शेंग सोलण्याइतका वेळ लागतो. परवाच एक फिरवलं."

"कोणाचं?"

"हेच."

केरबाने वाकून पुन्हा मीटर बघितलं.

"मला काय माहीत तू घेणार म्हणून?" शिदू म्हणाला. "बरं, इकडे ये. बैल घेताना काय बघतोस?"

"दात."

"शिंगं रंगवता येतात, दात रंगवता येत नाहीत. तसंच गाडीचं. रंग बघायचा नाही, चाकं बघायची नाहीत. ती म्हाताऱ्याच्या फेट्यासारखी. नवी आणता येतात. बघायचं ते विकणारा जिथे हात लावायला विसरतो तिथे." त्याने ब्रेकच्या पायपट्टीवरचं रबर नखाने सोलून काढलं. "रबर नवं. खालचं लोखंड बघ. झिजून चमच्यासारखं झालंय. चार वर्षांत लोखंड झिजतं? हत्ती नाचला तरी झिजत नाही."

मग त्याने सीटचा पट्टा धरून ओढला. पट्टा अगदी शेवटपर्यंत बाहेर आला. शेवटाला एक लहानशी पट्टी शिवलेली होती. तिच्यावर ज्वाळेचं चित्र होतं.

"आता काच बघ. खालचा कोपरा."

काचेच्या कोपऱ्यातही तीच ज्वाळा.

मुलांनो, त्या गाड्या नदीपलीकडे मुंग्या बनवत. मुंग्या शिस्तीच्या. प्रत्येक भागावर त्या वर्षाची खूण करायची ही त्यांची रीत. ज्या वर्षी पूर आला त्या वर्षी मासा. टोळधाड आली त्या वर्षी टोळ.

"आणि ज्वाळा म्हणजे?" केरबाने विचारलं. त्याला उत्तर माहीत होतं. त्याचा डावा पाय ठणकू लागला होता.

"वणव्याचं साल," शिदू म्हणाला. "अठरा वर्षं झाली. पंधराला मोडीत जायला हवी होती. ही गाडी मेल्यावरही तीन वर्षं फिरते आहे."

कायद्यात एक बरं कलम होतं. आठ दिवसांत खोट सिद्ध झाली तर सौदा रद्द. गुहा परत मिळाली असती. केरबाने शिदूचा हात धरला.

"शिदू, पिंपळाखाली दरबारात येऊन एवढं सांग. बस्स."

शिदूने हात हळूच सोडवून घेतला. "दादा, जांभळीखाली सांगतो. पिंपळाखाली नाही सांगणार."

"का?"

"महाराज विचारतील, वणव्याचं साल तुला कसं ठाऊक? मी कागदावर अकराचा आहे. माझी नोकरी घालवशील का?"

केरबा कासवाकडे गेला. कासव दरबारात कारकून होतं. त्याने सात महाराज पाहिले होते.

"आजोबा, एक साक्ष द्याल का?"

"आजोबा कोणाला म्हणतोस?" कासवाने मान आत घेतली. आवाज आतून आला. "दादा म्हण. चौदाचा आहे मी. तेही चुकून जास्त लागलंय. दुरुस्तीचा अर्ज दिलाय."

हत्तीच्या कानाला वणव्यात भोक पडलेलं होतं. तो म्हणाला, ते कान टोचताना पडलं. तरसाची पाठ भाजलेली होती. ते म्हणालं, उन्हात झोपलो होतो. पाच दिवस केरबा सगळं जंगल लंगडत फिरला. गाडी असून पायी. वणवा ज्याने त्याने अंगावर वागवला होता, पण पाहिला कोणीच नव्हता.

आठव्या दिवशी पिंपळाखाली दरबार भरला. केरबाने गाडी ढकलत आणली. हौसा मागून ढकलत होती. बापूसाहेब गुहेतून झोप काढून ताजातवाना आला होता.

वाघमहाराज चौथऱ्यावर बसले. त्यांच्या तोंडात एकही दात नव्हता. एका डोळ्यात मोतीबिंदू होता, आणि उजव्या कुशीवरचे पट्टे अठरा वर्षांपूर्वी जळून गेले होते. कागदावर ते तेरा वर्षांचे होते. त्यांना हरणाचा खिमा करून भरवावा लागे. भरवणारा म्हणे, महाराजांना अजून दात यायचेत.

"बोल, केरबा," महाराज म्हणाले.

केरबाने पायपट्टी दाखवली. पट्टा ओढून दाखवला. काचेचा कोपरा दाखवला. तो कमी बोलला आणि नीट बोलला. "महाराज, गाडी चार वर्षांची नाही. अठराची आहे. माझी गुहा मला परत द्या."

"बापूसाहेब?"

बापूसाहेब उठला. "महाराज, पायपट्टी जुनी आहे हे मी नाकारत नाही."

सगळे चमकले.

"पट्टाही जुना आहे. काच जुनी आहे. इंजिन तर फारच जुनं आहे. यातला प्रत्येक भाग जुना आहे. पण गाडी नवी आहे."

"म्हणजे कशी?" हौसा मागून ओरडली.

"कागद बघा, बाई. कागदावर गाडी चार वर्षांची. आता भाग जुने झाले, खिळखिळे झाले, पडले, म्हणून कोणी म्हातारं होतं का?" बापूसाहेबाने महाराजांच्या तोंडाकडे बघितलं आणि अदबीने नजर खाली वळवली. "तसं असेल तर मी हरलो. दरबाराने तसं जाहीर करावं."

महाराजांनी हिरड्यांवरून जीभ फिरवली.

"मुद्दा विचार करण्यासारखा आहे," महाराज म्हणाले. "पण ती ज्वाळा? ती कसली खूण?"

"वणव्याच्या सालाची, महाराज," केरबा म्हणाला. "मुंग्यांना विचारा."

"मुंग्या परराज्यातल्या. त्यांची साक्ष इथे चालत नाही. कारकून, आपल्या दप्तरात वणव्याची नोंद आहे का?"

कासवाने दप्तर चाळलं. "नाही, महाराज. वणव्याची नोंद असलेलं रजिस्टर त्याच वणव्यात..." ते थांबलं. खोकलं. "नोंद नाही, महाराज."

"मग कोणी पाहिला आहे का वणवा?"

हत्तीने भोकाचा कान मागे घेतला. शिदू शेपटीवर बसला. तरस पाठ टेकायला झाड शोधू लागलं. बगळे गुरुजींनी दुसरा पाय खाली टेकला, जो त्यांनी दहा वर्षांत टेकला नव्हता.

"केरबा," महाराज हळू आवाजात म्हणाले, "तू पाहिलास का?"

आता मुलांनो, नीट ऐका. हाच क्षण आहे.

'हो' म्हटलं असतं तर गुहा मिळाली असती. पण मग केरबा अठराच्या वरचा ठरला असता, आणि सूर्य मावळायच्या आत नोकरी गेली असती. चाळीस झाडं गेली असती. आणि एकट्या त्याची गेली नसती. रजिस्टर खोटं ठरलं की हत्ती गेला, कासव गेलं, शिदू गेला, खुद्द महाराज गेले. सगळा दरबार त्याच्याकडे बघत होता. रागाने नाही. वणव्यात पिलं आईकडे बघतात तसा.

केरबाने हौसाकडे बघितलं. वणव्याच्या रात्री ती त्याच्या शेजारून पळत होती. दोघांची ओळख तिथलीच. ती आता त्याच्या पायाकडे बघत होती.

केरबा मानी होता. आठ दिवस त्याने 'हो' हा एकच शब्द तोंडात घोळवला होता. चांगला गोल झाला होता तो.

"नाही, महाराज," तो म्हणाला. "ऐकून आहे."

"आणि तो पाय?"

"जन्मखूण आहे."

दरबाराने श्वास सोडला. हत्ती म्हणाला, "अशा जन्मखुणा असतात." तरस म्हणालं, "आमच्यात सगळ्यांनाच आहे."

महाराजांनी निकाल दिला. या जंगलात वणवा कधी लागलाच नाही. त्यामुळे वणव्याचं साल नावाचं साल नाही. जे सालच नाही त्या सालात गाडी बनू शकत नाही. काचेवरची ज्वाळा ही ज्वाळा नसून पिंपळाचं पान आहे असं सर्वांनी समजावं. गाडी चार वर्षांचीच आहे. गुहा बापूसाहेबाची. केरबाने खरं बोलून दरबाराची शान राखली म्हणून त्याला फुलांचा हार.

हार पळसाच्या फुलांचा होता. हौसाने तो वाटेत शेळीला दिला.

दोघांनी गाडी ढकलत ढकलत दुसऱ्या टेकडीपर्यंत आणली. तिथे करवंदीच्या जाळीत ती रुतली ती रुतलीच. काही दिवसांनी आभाळ भरून आलं. गुहा तर मिळाली नव्हती. चांगल्या गुहा लांब होत्या, आणि लांब जायला गाडी नव्हती. म्हणजे होती, पण ढकलावी लागे.

केरबा जाळीपाशी बसून राहिला. दिवसभर तो हौसाशी बोलला नाही. तोंड कुठलं दाखवणार?

हौसाने गाडीचं दार उघडलं. मागची सीट उपटून बाहेर फेकली. तिथे पानं अंथरली. मधाचं गाडगं पुढे स्टिअरिंगशेजारी ठेवलं, जिथे बापूसाहेब मोगऱ्याचं अत्तर ठेवत असे. काचेवरून फडकं फिरवलं. कोपऱ्यातली ज्वाळा चांगली चमकू लागली. ते पिंपळाचं पान.

"या आत," ती म्हणाली. "भिजाल."

केरबा आत आला. अंग चोरून बसला.

"हौसे, तू काही बोलली नाहीस मला."

"काय बोलू? 'हो' म्हणाला असतात तर गुहेत राहून मुंग्या चाटल्या असत्या. 'नाही' म्हणालात. आता मध आहे." तिने गाडग्यात पंजा घातला. "आणि घराचं म्हणाल, तर अठरा वर्षांची गाडी सरकारने उद्या मोडीत काढून आपल्याला पावसात उभं केलं असतं. चार वर्षांची गाडी कोणाच्या बापाला हलवता येत नाही. अजून अकरा वर्षं."

केरबाने हिशेब केला. अकरा वर्षांनी तो बत्तीसचा झाला असता. इतकं जगणारं अस्वल विरळाच.

"म्हणजे जन्माची सोय झाली," तो म्हणाला.

"झाली ना," हौसा म्हणाली. "तेवढी काच वर करा. वारा येतोय."

केरबाने काच वर करायचा प्रयत्न केला. ती अर्ध्यावर अडकली. चार वर्षांच्या गाडीत असं व्हायचंच. नवं असलं की बसायला वेळ लागतो.

तात्पर्य : जुनी गाडी घेताना मीटर बघू नये, रंग बघू नये. पायपट्टी बघावी, पट्टा शेवटपर्यंत ओढून बघावा, काचेचा कोपरा बघावा. सगळं बघावं. फक्त आरशात बघू नये.